सेल्युलोजच्या खाली शारदाअक्का

बेंगळुरूच्या यशवंतपुरात घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, अंडी खाता का तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “उकडलेला बटाटा फ्रीजमध्ये ठेवता?”

मी पुण्याहून नुकतीच आलेली. हा काहीतरी सोवळ्याओवळ्याचा प्रश्न असणार असं समजून मी ठामपणे नाही म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. “कधी ठेवून बघा. गार होताना आत काय सुंदर रचना होते,” असं म्हणत त्यांनी वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात ठेवली.

हे बिंदुमाधवराव. घराणं कैक पिढ्या बेंगळुरूतलं, त्यामुळे मराठी फक्त घरात बोलण्यापुरती आणि तिलाही कन्नडची फोडणी. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. अण्णांनी आख्खी नोकरी एका प्रयोगशाळेत काढली आणि तिथे एकच गोष्ट केली. झाडांमध्ये आणि समुद्रातल्या शेवाळात साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब माळा असतात. त्या आत नेमक्या कशा रचलेल्या असतात, हे त्यांनी क्ष-किरणांनी बघितलं. निवृत्तीनंतर क्ष-किरण सुटले. बघणं सुटलं नाही.

त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर एक मोठी फ्रेम आहे. तिच्यात क्ष-किरणांनी उमटवलेल्या काळ्या ठिपक्यांखेरीज काही नाही. मी पहिल्यांदा खाली गेले तेव्हा अण्णांनी ओळख करून दिली, “हे सेल्युलोज.” मग खालच्या लहान फ्रेमकडे, स्वतःच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि ही शारदा.” शारदाअक्का तिथेच घेवडा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “माझ्या आधीपासून तीच आहे या घरात.”

स्टार्चच्या स्फटिकांचे म्हणे दोन प्रकार. धान्यातला ‘ए’, तो घट्ट, आत पाणी कमी. बटाट्यातला ‘बी’, तो ऐसपैस, आत पाण्याला भरपूर जागा. अण्णांनी माणसंही याच दोन गटांत वाटली होती. नवीन माणूस भेटून गेला की ते हळूच मला विचारायचे, “काय वाटतं, ए की बी?” मला त्यांनी महिनाभर निरखून ए ठरवलं. अक्का अर्थातच बी. तुम्ही स्वतः कोण, असं मी एकदा विचारलं, तर बराच विचार करून म्हणाले, “मी अजून शिजतोय.”

कोपऱ्यावरच्या हॉटेलात ते दोन इडल्या मागवायचे. एक गरम गरम खायची, दुसरीवर घड्याळ लावून पहारा करायचा. ती गार झाली की बोटाने दाबून समाधानाने म्हणायचे, “सरी, ठीक. सुरुवात झाली.” माझ्या कचऱ्याच्या डब्यात कडक झालेल्या पोळ्या दिसल्या तेव्हा ते जिना चढून वर आले आणि पाऊण तास पोळीची बाजू मांडत राहिले. ती नुसती वाळलेली नव्हती, तिच्यातल्या स्टार्चने पुन्हा शिस्त धरली होती, आणि शिस्त धरणाऱ्याला कोणी असं फेकून देत नाही.

गच्चीवरच्या दोरीवर चायना ग्रासच्या, म्हणजे शेवाळापासून काढतात त्या अगरच्या, पारदर्शक पट्ट्या टांगलेल्या असत. प्रत्येकीच्या टोकाला वजन म्हणून कुलूप, कात्री, नाहीतर अक्कांचा अडकित्ता. ताणल्याशिवाय रेणू रांगेत उभे राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. एकदा माझी वाळत घातलेली ओढणीही टोकाला कुलूप घेऊन रांगेत उभी राहिली, ती अजून सरळ झालेली नाही.

मागच्या वर्षी गणपतीनंतर अक्कांना पक्षाघाताचा झटका आला. तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या, पण बोलणं जवळजवळ गेलं होतं. दोरी रिकामी झाली. अण्णांनी मला ए-बी विचारणं थांबवलं. मग एक दिवस ते वर आले आणि त्यांचा फ्रीज भरलाय म्हणून माझ्या फ्रीजमधला एक कप्पा मागितला. दुसऱ्या दिवसापासून त्या कप्प्यात नंबर घातलेल्या वाट्या येऊ लागल्या. आत काहीतरी पांढरट, थरथरणारं. अशा दिवसांतही यांचं हे चालूच आहे, याचा खरं सांगायचं तर मला राग आला.

त्याच सुमारास माझे बाबा पुण्याहून आले. जेवण झाल्यावर त्यांनी फ्रीज उघडला आणि खरवस समजून अकरा नंबर संपवला.

मी घाबरत खाली जाऊन सांगितलं. अण्णा तडक वही घेऊन वर आले आणि बाबांसमोर बसले. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी विचारलं, घशातून कसं गेलं? एकसंध की तुकडे होऊन? ठसका लागला का? बाबा निवृत्त हेडमास्तर, प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यात द्यायची त्यांना सवय. पदार्थ तोंडात फुटला आणि तुकड्यातुकड्यांनी गेला, असं त्यांनी सांगितलं, आणि वर गोडी बेताची असल्याचाही शेरा मारला.

अण्णांनी अकरा नंबरवर काट मारली. मग वहीकडेच बघत म्हणाले, “शारदाला पाणी गिळता येत नाही.”

अण्णा सावकाश सांगत गेले. पातळ काहीही अक्कांच्या श्वासनलिकेत जायचं. सगळं दाट करून द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी आणलेली पावडर स्टार्चची. लाळ स्टार्चच्या माळा तोडते, त्यामुळे दाट केलेली कॉफी तोंडातच पुन्हा पातळ व्हायची, आणि चवीला खळ. अक्कांनी तोंड मिटून घेतलं होतं. शेवाळातल्या माळा मात्र लाळेने तुटत नाहीत. अगर कडक, तो फुटतो. त्याचंच एक मऊ भावंड आहे, कॅराजीनन. त्याचं प्रमाण ते शोधत होते. प्रत्येक वाटी ते स्वतः आधी खायचे, मग हॉस्पिटलमधल्या थेरपिस्ट बाईंना दाखवायचे. त्यांनी होकार दिल्याशिवाय चमचा अक्कांपर्यंत जायचा नाही.

चोवीस नंबरला बाईंनी होकार दिला.

त्या दिवशी दुपारी चारला अण्णांनी मला खाली बोलावलं. अक्कांना उशा लावून ताठ बसवलं होतं. त्यांनी त्या प्रमाणाने दाट केलेल्या फिल्टर कॉफीचा पहिला चमचा तोंडात बराच वेळ धरला, मग गिळला. ठसका नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला.

“डिकॉक्शन,” अक्का जड जिभेने, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “स्वल्प कमी.”

कित्येक आठवड्यांतलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य. अण्णांनी गंभीरपणे मान डोलावली आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नळ वाहत राहिला.

बाहेर आले ते ट्रे घेऊन. मला नेहमीसारखी फेसाळ कॉफी दिली आणि स्वतः दुसरी वाटी घेऊन अक्कांशेजारी बसले. तीही तशीच दाट, चमच्याला धरून राहणारी. चोवीस नंबर पास झाला, आता तुम्हाला कशाला, असं मी विचारलं.

“रोजचं आहे,” अण्णा म्हणाले. “एकटीने किती दिवस प्यायचं तिने हे?” आणि त्यांनी चमचा तोंडात घातला.