गुरुजींची युद्धपत्रे आणि माझ्या टिपा

वाचकहो, आत्मस्तुती वाईट, हे मलाही कळतं. पण खरं ते सांगायलाच हवं. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात डोळे बांधून मला भांडारात सोडा, पाऊण इंची बोल्ट कुठल्या फळीवर आहे ते मी हात लावून दाखवीन! कारण काय? कार्ड! प्रत्येक वस्तूला एक कार्ड. वर नाव, मध्ये माहिती, खाली शेरा. जगात जेवढा गोंधळ होतो तो कार्डं नसल्यामुळे होतो, असं माझं ठाम मत होतं.

'होतं' म्हणालो. का, ते आता ऐका.

१९५६ सालचा चैत्र. चिंचवडला मी उद्धवराव गुरुजींच्या शेजारची खोली घेऊन राहत होतो. गुरुजी पूर्वी चाकणला हेडमास्तर होते. पण मूळचा माणूस तत्त्वज्ञ. 'सत्य' या एकाच विषयावर त्यांनी तीन जाडजूड ग्रंथ लिहिले होते. मागच्या महायुद्धाच्या सहा वर्षांत त्यांनी नातलगांना, स्नेह्यांना ढीगभर पत्रं लिहिली आणि प्रत्येकाची नक्कल तारेला टोचून खुंटीला अडकवून ठेवली. आता पुण्याचा एक प्रकाशक ती पत्रं छापायला तयार झाला होता. मात्र सूची आणि टिपा तयार करून द्या, म्हणाला.

गुरुजींना कुठला वेळ! त्यांच्या लेकीचं, रंभाचं लग्न महाळुंग्याच्या अर्जुनरावांच्या मुलाशी ठरलेलं. दारात मांडवाचे वासे येऊन पडलेले. मी छाती पुढे काढून म्हणालो, "गुरुजी, हे माझ्यावर सोडा!"

"रंगराव, हे बोल्ट नव्हेत. माणसाचं अंतःकरण आहे."

"अंतःकरण असलं म्हणून काय झालं? त्यालाही कार्ड लागतंच!"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि तार माझ्या हातात दिली.

आता एका मापाची, जाड, टिकाऊ कार्डं आणायची कुठून? विचार करता करता अशी एक युक्ती सुचली की मी स्वतःचीच पाठ थोपटली. पोस्टकार्डं! सरकारनंच आखून दिलेली! पत्त्याच्या जागी, पत्र ज्याला लिहिलं त्याचं नाव आणि गाव. मागच्या बाजूला लेखकाचं नाव, पत्राचा सारांश आणि माझी टीप. सारांश गुरुजींच्याच शब्दांत हवा, असं प्रकाशकाचं म्हणणं होतं, म्हणून तोही तसाच उतरवला. तारखेऐवजी आमच्या भांडारातल्यासारखा क्रमांक घातला: यु-४२/१७. म्हणजे युद्धकाळ, साल बेचाळीस, पत्र सतरावं. इतकं स्वच्छ काम की पाहणाऱ्याला गहिवरून यावं! पंधरा दिवस खपून एकशे बारा कार्डं लिहिली, सुतळीनं बांधली आणि गुरुजींच्या कोनाड्यात नीट ठेवली. मग दोन दिवस मी ओव्हरटाइमला गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी येऊन पाहतो तर कोनाडा रिकामा!

"इंदुताई, माझी कार्डं कुठं गेली?"

गुरुजींच्या पत्नी इंदुताई शेवया वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गेली की! कालच पोस्टमनच्या हवाली केली. एवढी आमंत्रणं लिहून ठेवलीत आणि पोस्टात टाकायला विसरलात, रंगराव! लग्न आठ दिवसांवर आलंय!"

मी मटकन खालीच बसलो.

"इंदुताई... तुम्ही ती वाचली नाहीत?"

"दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हे या घरात मी तीस वर्षं ऐकतेय. पत्ते तेवढे बघितले. सगळी आपलीच माणसं! हां, पण तुम्ही हळदकुंकू लावायला विसरला होतात. चारी कोपऱ्यांना मी लावलं. एकशे बारा कार्डांना! बोटं पिवळी झाली बघा."

त्यांनी बोटं दाखवली. खरंच पिवळी होती. माझा चेहरा बहुधा त्याहून पिवळा झाला असावा.

आणि तेवढ्यात मला यु-४३/९ आठवलं. ते कार्ड अर्जुनरावांच्या नावाचं होतं. महाळुंग्याचे अर्जुनराव! रंभाचे होणारे सासरे! त्यावर मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'लोक उपाशी असताना तुम्ही बटाट्याच्या गोण्या दडवून ठेवल्यात. तुम्हांला मी माणूस समजत होतो. तुमच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही.' आणि खाली, विद्वत्तेच्या भरात: 'टीप: हे पत्र प्रत्यक्ष पाठवल्याचा पुरावा नाही. लेखकाचे मत पुढे बदलल्याचाही पुरावा नाही.'

मी धावत पोस्टात गेलो. चाकणकडची थैली सकाळीच रवाना झाली होती. पोस्टमास्तर म्हणाले, "भाऊ, अशी घाई पत्र टाकायच्या आधी करायची असते."

आता हे गुरुजींना सांगायचं कसं? मी ठरवलं, सांगायचंच नाही! लोक कार्डं वाचतील, चक्रावतील आणि चुलीत घालतील. अर्जुनरावांचं कार्ड वाटेत गहाळ होईल. पोस्टाकडून एवढीही अपेक्षा करायची नाही म्हणजे काय?

पण पोस्टानं त्या आठवड्यात कमालीची तत्परता दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी थांबली. गाडीत रहाटणीच्या ठकुबाई, गुरुजींच्या मावसबहीण. त्यांच्या मागे तीन सुना, सात नातवंडं, दोन ट्रंका, जातं आणि गाडीला बांधलेल्या दोन म्हशी!

"दादा!" ठकुबाई गाडीतूनच ओरडल्या, "बाम पडायच्या आत आलो बग!"

गुरुजी मांडवाच्या वाशांपाशी उभे होते. त्यांच्या हातातलं पंचांगच पडलं. "कसला बॉम्ब?"

"मला काय इचारतोस? तूच लिवलंस न्हवं! 'दारूगोळ्याच्या डेपोवर बाम पडणार. पोरंबाळं, गुरं घेऊन ताबडतोब निघून या.' आता शेंबडं पोर बी सांगंल की लढाई संपली. पन म्या म्हनलं, दादा शिकल्याला हाय, त्याला नवी लढाई आदी कळली आसंल!"

"अहो, मी कधी..."

"आन वर हळदकुंकू! थोरली सून म्हनली, बामाला हळदकुंकू कसं? म्या म्हनलं, लगीन बी हाय न्हवं! एका कार्डात दोन कामं. काटकसर हाय मानसाला."

म्हशी मांडवाच्या खुंटाला बांधल्या गेल्या. गुरुजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रंगराव, बेचाळीस साली मी हिला असंच पत्र लिहिलं होतं. हुबेहूब. हा काय चमत्कार?"

मी म्हणालो, "गुरुजी, योगायोग तत्त्वज्ञानात बसतो का?"

ते विचारात पडले. तत्त्वज्ञ माणसाचं हे एक बरं असतं, प्रश्न दिला की थोडा वेळ मिळतो.

पण फार नाही मिळाला. दुपारी वेशीकडून हंबरडा ऐकू आला. असा हंबरडा की म्हशींनीसुद्धा माना वळवल्या! ऊर बडवत येत होत्या तानाबाई, आमच्या कारखान्यातल्या वॉचमन बाळाजीची बहीण. मागे पाचसहा बाया, त्याही रडत. आणि बाळाजी कुठे? आमच्याच मांडवात! शिडीवर चढून वासे बांधत होता!

"माजा बाळाजी गेला ओ गुरुजीऽऽ! ब्रह्मदेशच्या लढाईत गेलाऽऽ!"

बाळाजी शिडीवरून म्हणाला, "आक्के, कोन गेला?"

तानाबाईंनी वर पाहिलं आणि तोंडातला हंबरडा अर्धाच राहिला. मागच्या बायांपैकी दोघी "भूत! भूत!" म्हणत पळाल्या. बाळाजी खाली उतरला तशी तानाबाईंनी आधी त्याला चाचपला, मग मिठी मारली आणि मग काडकन एक मुस्काटात ठेवून दिली!

"मेल्या! चव्वेचाळीस साली असंच कार्ड आल्तं. तवा धा दिस सुतक पाळलं आन वरीसभरानं तू आलास मिशा वाढवून! आता परत? कितींदा मरनार हाईस रं?"

"आक्के, म्या कुटं मेलो! म्या रातपाळी करून आलोय!"

"आन ह्ये काय?" त्यांनी कार्ड पुढे केलं. "मरनाच्या कार्डाला हळदकुंकू! आख्ख्या गावात आसा इटाळ कुनी केला नव्हता!"

ते कार्ड गुरुजींनी घेतलं. वाचलं. उलटं केलं. अक्षर ओळखलं. मग टीप वाचली: 'सदर इसम पुढे जिवंत आढळला.' तानाबाई बिचाऱ्या रडण्याच्या घाईत तिथवर पोचल्याच नव्हत्या!

"रंगराव," गुरुजी म्हणाले. आवाज अगदी हळू होता आणि म्हणूनच मला घाम फुटला. "अशी किती गेली?"

मी सगळं सांगितलं. यु-४३/९ सकट. ऐकता ऐकता गुरुजी ओट्यावर टेकले. दारामागे रंभा उभी होती, तिनं पदर तोंडात धरला. इंदुताईंनी स्वतःच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचा काय अपराध? तिचं लग्न मी वळणदार अक्षरात मोडलं होतं!

"ते पत्र मी रागात लिहिलं आणि पाठवलं नाही," गुरुजी म्हणाले. "मुलगा गुणी दिसला, म्हणून सोयरीक केली आणि राग गिळला. आता ते पाठवलं गेलं. मी उद्या महाळुंग्याला जातो."

जायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महाळुंग्याहून दोन गाड्या आल्या. पहिल्या गाडीतून तांबडा पटका बांधलेले धिप्पाड अर्जुनराव उतरले. मागून भावकीतली आठ माणसं. ठकुबाईंचं जातंसुद्धा थांबलं.

पण अर्जुनराव हसत होते! घोंगडीवर ऐसपैस बसले, गूळपाणी घेतलं आणि खिशातून कार्ड काढलं. "गुरुजींचं पत्र आलंया. माजा चष्मा ऱ्हायला घरी. कुनीतरी वाचा, समद्यांना ऐकू द्या."

आमच्याकडे आलेलं पत्र चारचौघांत मोठ्यानं वाचायचीच रीत. कार्ड माझ्या हातात आलं. मला वाटलं, सुटलो! यांनी वाचलेलंच नाही! मी खाकरलो आणि सुरू केलं:

"राजमान्य राजश्री अर्जुनराव यांस सप्रेम नमस्कार. आपल्यासारखे व्याही मिळणे हे आमचे भाग्य. आपल्या दानशूरपणाची कीर्ती सर्व मावळात दुमदुमत आहे. आपल्या उंबऱ्याला पाय लावण्यास आम्ही आतुर आहोत. लग्नास सहकुटुंब सहपरिवार..."

भावकीनं माना डोलावल्या. अर्जुनराव म्हणाले, "वा! एवढ्याशा कार्डावर बरंच मावलं की! आता गुरुजी, तुमी वाचा. तुमच्या तोंडून ऐकू."

गुरुजींनी कार्ड घेतलं. मी डोळ्यांनी खुणावत होतो, हात जोडत होतो. माझंच म्हणा, गुरुजी, माझंच पुढे म्हणा! त्यांनी एकदा दाराकडे, रंभाकडे पाहिलं. आणि वाचलं. जसंच्या तसं! गोण्या, उपाशी लोक, उंबरा, सगळं! शेवटी म्हणाले, "हे शब्द माझे आहेत, अर्जुनराव. रंगरावांनी आता वाचले ते नव्हेत."

भावकीतले दोघे उठून उभे राहिले. इंदुताईंनी डोळे मिटले.

अर्जुनरावांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चष्मा बाहेर काढला!

"कालच वाचलं म्या. धा येळा वाचलं. लई लागलं बगा, गुरुजी. मंग म्हनलं, ह्यो मानूस लेक देनार आपल्या घरात. तोंडावर खरं बोलतोय का न्हाई, तेवढं बगू. खोटं वाचलं आसतं, तर हितूनच गाड्या फिरवल्या आसत्या."

उभे राहिलेले भावकीतले दोघे पुन्हा खाली बसले.

"आन आता माजं ऐका. गोन्या दडवल्या व्हत्या. पर त्ये बेनं व्हतं, गुरुजी! लष्करासाठी समदा बटाटा उचलत व्हते. बेनं गेलं आसतं तर फुडल्या साली गावानं लावायचं काय? पेरनीला घरटी वाटलं. तुमी न इचारताच लिवलं."

गुरुजी चटकन उठले आणि त्यांनी अर्जुनरावांचे दोन्ही हात धरले. "चुकलो. तेरा वर्षं चुकलो." सत्यावर तीन ग्रंथ लिहिलेला माणूस, डोळ्यांत पाणी! रंभा दारामागे हुंदके देऊन रडत होती, पण ते रडणं निराळं होतं.

"सोयरीक पक्की," अर्जुनराव म्हणाले. "फकस्त एक अट हाय." त्यांनी चष्मा चढवला आणि कार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. "'मत बदलल्याचा पुरावा नाही.' ह्ये कुनी लिवलं?"

मांडवातली सगळी माणसं माझ्याकडे वळली. दोन्ही म्हशींसकट!

गुरुजींनी त्यांना टिपांचं आणि छापायच्या ग्रंथाचं सगळं सांगितलं. "ह्योच का त्यो मगाशी दुमदुमनारा? गुरुजी, पत्र छापा, खुशाल छापा. पर ह्येचं नाव घालून, ह्येची टीप चूक हाय, आसं बी छापा."

लग्न थाटात झालं. गुरुजींनी महाळुंग्याचा उंबरा ओलांडला, तेव्हा मी लांब उभा होतो. पुढच्या वर्षी ग्रंथ निघाला, चांगला चारशे पानांचा. सूची माझी, टिपा माझ्या! पण वाचकहो, माझं नाव त्यात एकदाच आलं आहे. शेवटच्या पानावर, शुद्धिपत्रात!