बुरशीचा कौल

"वसंत कधी येणार हे पेजेला विचारायचं? मग मी काय इथे माशा मारायला आलोय?"

डॉ. गुणवंत मेहेंदळे जेवणाच्या टेबलावर असा गरजला आणि त्याने पोळीचा तुकडा वरणाऐवजी पाण्याच्या पेल्यात बुडवला. गुणवंतचं हे असंच होतं. विज्ञानावर बोलायला लागला की समोरचं ताट दिसायचं नाही.

गुणवंत जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत हवामानाचं मॉडेल चालवायचा. उमे, म्हणजे इथलं ते थंडीतच फुलणारं झाड, नेमकं कधी बहरेल हे त्याचं मॉडेल सांगायचं. यंदा मॉडेल म्हणत होतं, फेब्रुवारीच्या मध्यावर! अडचण एवढीच होती की गुणवंतचा करार मार्चअखेर संपत होता. विभागप्रमुख इमाई-सान यांनी नेहमीच्या मृदू आवाजात सांगितलं होतं, "मेहेंदळे-सान, तुमच्या मॉडेलचा समाजाला उपयोग होतो असं काहीतरी दिसलं, तर करार वाढवायला मला बरं पडेल." मृदू आवाजात सांगितलेलं माणसाला जास्त लागतं. गुणवंतची झोप उडाली.

समाज शोधायला लांब जायची गरज नव्हती. मेहेंदळे कुटुंब भाड्याने राहायचं ते डोंगराच्या पायथ्याच्या एका जुन्या वस्तीत, आणि ती वस्ती दरवर्षी उमेचा उत्सव भरवायची. उत्सवाची तारीख आपल्या मॉडेलवरून ठरली, त्या दिवशी झाडं फुलली, पेपरात फोटो आला, की झालंच काम! गुणवंत लॅपटॉप काखेत मारून वस्तीच्या मंडळाचे प्रमुख नेमोतो-सान यांच्याकडे गेला. पाऊणशेच्या घरातल्या नेमोतोंनी सगळे आलेख अत्यंत आदराने पाहिले, चार वेळा "सुगोई!", म्हणजे "कमालच!", म्हणाले आणि शेवटी गुरुजींपुढे वाकावं तसं कमरेत वाकून म्हणाले, "फारच सुंदर, सेन्सेई. पण आमच्याकडे तारीख पेज ठरवते."

ती पेज अशी. जानेवारीच्या मध्यावर, ऐन गारठ्यात, देवळात तांदूळ आणि लाल दाण्यांची घट्ट पेज शिजवायची. ती काशाच्या वाडग्यात ओतायची आणि काड्या आडव्या लावून तिचे तीन भाग करायचे. वाडग्याच्या काठावर खुणेची टिंबं कोरलेली. एक टिंब म्हणजे मध्य फेब्रुवारी, दोन म्हणजे फेब्रुवारीअखेर, तीन म्हणजे मध्य मार्च. मग झाकण लावायचं आणि वाडगं गार जागी ठेवून द्यायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दाणे फेकून भुतांना हाकलतात त्या दिवशी, झाकण उघडायचं. ज्या भागाला बुरशी जास्त, तेव्हा वसंत!

"बुरशी!" गुणवंत घरी येऊन किंचाळला. "मी सुपरकॉम्प्युटर चालवतो आणि माझी स्पर्धा कुणाशी, तर बुरशीशी!"

त्यात कहर म्हणजे वाडगं सांभाळायची पाळी घरोघर फिरायची, कचऱ्याच्या जागेवरची जाळी धुण्याच्या पाळीसारखी, आणि यंदा ती मेहेंदळ्यांवर आली. नेमोतोंनी दोन्ही हातांनी वाडगं आणून दिलं. पिढ्यान् पिढ्या न घासलेलं, काळंकुट्ट. "उघडू नका, हलवू नका, बाकी काही नाही," ते म्हणाले. गुणवंतने ते मागच्या थंड खोलीत फळीवर ठेवलं आणि जेवताना पुन्हा सुरू झाला. "अडाणीपणा आहे नुसता! मला विचाराल तर ते वाडगं कचऱ्यात ओतायच्या लायकीचं आहे!"

हे वाक्य त्याच्या बायकोने, स्वरूपाने, नेहमीप्रमाणे कानाआड केलं. पण टेबलावर अजून एक व्यक्ती होती. तिने ते नीट ऐकलं.

स्वरूपाची आई, सिंधूताई, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहाची खानावळ सांभाळली होती. नासलेलं अन्न आणि न घासलेलं भांडं, या दोन गोष्टी एका छपराखाली असताना त्यांना झोप लागत नसे. इथे तर दोन्ही एकाच फळीवर होतं! तरी बाईंनी कळ काढली. जावयाचं घर, आपण कशाला बोला. पण झाकण उघडायच्या दोन दिवस आधी मागच्या खोलीतून वास आला, आणि जावयाने परवानगी तर कधीच दिली होती.

सकाळी गुणवंत चहा घ्यायला स्वयंपाकघरात आला आणि ओट्यावर सूर्य उगवलेला पाहून जागीच थिजला. वाडगं होतं ते. सोन्यासारखं लखलखत होतं!

"आई... हे... यातली पेज?"

"टाकली की! केव्हाची आंबून गेली होती. आज जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस ना, बरोबर त्याच पिशवीत घातली." सिंधूताईंच्या चेहऱ्यावर वर्गीकरण जमल्याचा अभिमान होता. "आणि वाडगं चिंचेनं घासलं. दोन वेळा. हात मोडले माझे, पण कसं निघालंय बघा! काठावर नक्षीसुद्धा आहे, टिंबाटिंबांची."

"आई, ती पवित्र बुरशी होती!"

"अहो, तुम्हीच तर म्हणालात, कचऱ्यात ओतायच्या लायकीची आहे!"

गुणवंत घरातल्या सपाता घालूनच कचऱ्याच्या जागेकडे धावला. जाळी होती, दोन कावळे होते, गाडी गेलेली होती. तिथेच झाडू मारत असलेले नेमोतो म्हणाले, "सेन्सेई, सकाळचा व्यायाम? छान, छान! वाडगं कसं आहे?"

"चकाचक!" गुणवंतच्या तोंडून निघून गेलं.

घरी परत येताना मात्र त्याच्या डोक्यात एक विचार आला, आणि वाचकहो, माणूस बुडतो तो अशाच विचारांनी. नाहीतरी पेज नव्याने लावायचीच आहे. बुरशीही नव्याने आणायचीच आहे. मग ती एक टिंबाच्या भागातच आणली तर? मॉडेलही तेच म्हणतंय! म्हणजे ही फसवणूक नाहीच मुळी. बुरशीला फक्त योग्य माहिती पुरवायची!

"गुणवंत, तू वेडा आहेस," स्वरूपा म्हणाली. "नेमोतो-सानना सरळ सांग. माफी माग, वाकून."

"आणि इमाई-सानना काय सांगू? माझ्या सासूबाईंनी वसंत घासून टाकला म्हणून?"

तो सुपरमार्केटमधून कोजी घेऊन आला. कोजी म्हणजे मिसो वगैरे करायला लागते ती बुरशी, तांदळावर वाढवलेली, चांगली पिशवीबंद. तिला वाढायला ऊब लागते, म्हणून बैठकीच्या खोलीतलं कोतात्सु, रजई पांघरलेलं आणि पोटात हीटर असलेलं ते बुटकं टेबल, प्रयोगशाळा म्हणून जाहीर झालं. पेज अर्थात सिंधूताईंनीच शिजवली.

"मीठ?"

"नको!"

"निदान चिमूटभर हिंग?"

"आई, ही खायची नाहीये!"

गुणवंतने एक टिंबाच्या भागात कोजी पसरली. सिंधूताई चष्मा सावरून पाहत होत्या. "अहो, इथे नव्हती ती. ती पलीकडे होती, तीन टिंबं आहेत ना, तिथे. हिरवीगार, ही एवढी."

"आई, या बाबतीत तुम्ही पडू नका."

"नाही पडत," सिंधूताई म्हणाल्या आणि गार पडलेले पाय सवयीने कोतात्सुत घालून बसल्या. वाडगं कलंडता कलंडता वाचलं. त्यानंतर गुणवंतने ऑफिसला सुट्टी टाकली आणि दोन दिवस पेजेशेजारी राखण करत बसला. त्याच्या आईने त्याला कांजिण्या झाल्या तेव्हाही एवढी शुश्रूषा केली नव्हती.

झाकण उघडायच्या दिवशी देवळात अख्खी वस्ती जमली. पेपरची बातमीदार आली होती. गुणवंतच्या आग्रहावरून इमाई-सानही आले होते. नेमोतोंनी वाडग्याभोवतीच्या रुमालाची गाठ सोडली आणि लोकांचा श्वासच अडकला. काळं वाडगं सोन्याचं झालं होतं!

गुणवंत एक पाऊल मागे सरकला. संपलं सगळं.

"तेजस्वी!" नेमोतो पुटपुटले. "माझ्या आजोबांच्या काळातही असं झालं नव्हतं." कुणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. चिंचेला एवढा मान तिच्या मायदेशीही कुणी दिला नसेल! मग झाकण निघालं. एक टिंबाच्या भागात पांढरीशुभ्र, कापसासारखी बुरशी, आणि सगळीकडे गोड वास. "गोड वास! गोड वर्ष!" मंडळी एकमेकांना सांगू लागली. लोकांना जे पाहायचं असतं ते बुरशीतही दिसतं. नेमोतोंनी खणखणीत आवाजात कौल दिला, "मध्य फेब्रुवारी!"

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, पेज आणि सुपरकॉम्प्युटर यांचं एकमत! फोटोत गुणवंत वाडग्याशेजारी असा उभा होता, जणू ते त्याचा धाकटा भाऊ. इमाई-सान म्हणाले, "कराराचं उत्सवानंतर बोलू." गुणवंत घरभर शीळ घालत हिंडला.

उत्सवाच्या दिवशी हिमकण मिसळलेला पाऊस पडत होता.

झाडांवर एक फूल नव्हतं. गच्च मिटलेल्या, मुगाच्या दाण्याएवढ्या कळ्या होत्या, आणि त्यांच्याखाली तंबू, कंदील, निळं प्लास्टिक अंथरून कुडकुडत बसलेली कुटुंबं. सिंधूताईंच्या स्टॉलवरचे बटाटेवडे मात्र कढईतून निघाले की संपत होते. गुणवंत इमाई-सानांच्या छत्रीपासून लांब लांब राहत होता.

तेवढ्यात नेमोतो मंचावर चढले. अंगावर ठेवणीतला कोट होता आणि डोकं उघडं होतं. "माझे आजोबा पेज वाचायचे, माझे वडील वाचायचे," ते म्हणाले. "त्यांची पेज कधी चुकली नाही. याचा अर्थ चूक माझ्या डोळ्यांची आहे. सगळ्यांची क्षमा मागतो. मेहेंदळे सेन्सेईंची विशेष, कारण माझ्यामुळे त्यांच्या यंत्राचीही बेअब्रू झाली. यापुढे मी वाडग्याला हात लावणार नाही." आणि ते वाकले. पावसात, कमरेतून, वाकलेलेच राहिले.

गुणवंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन शब्द बोलायचे होते फक्त. त्याने तोंड उघडलं, इमाई-सानांकडे पाहिलं, आणि मिटलं.

"ते गृहस्थ एवढे का वाकलेत गं?" सिंधूताईंनी विचारलं. स्वरूपाने सांगितलं. ऐकता ऐकता सिंधूताईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि पिठाच्या एप्रनसकट त्या मंचाकडे चालू लागल्या. "चल. मी बोलते तसं त्यांना सांग, मधलं काही गाळू नकोस."

"आई, नको!" गुणवंत मागून कुजबुजला.

"जावईबापू, तुम्ही गप्प बसा. म्हातारा माणूस भिजतोय." त्या नेमोतोंपुढे उभ्या राहिल्या. "दादा, डोळे चांगले आहेत तुमचे. खरी पेज मी टाकून दिली. शिळी आहे असं वाटलं मला. तुम्ही वाचलीत ती आमच्या जावयांनी लावलेली, दुकानातल्या बुरशीची."

स्वरूपाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि सगळं जपानीत सांगून टाकलं. माइक चालू होता.

नेमोतो हळूहळू सरळ झाले. "तरीच तो अमाझाकेचा वास!" ते म्हणाले. अमाझाके म्हणजे कोजीचंच गोड पेय. मग त्यांनी सिंधूताईंचा हातच धरला आणि आई म्हणून हाक मारली. "ओकासान, टाकलीत तेव्हा बुरशी कुठे होती? आठवतंय?"

सिंधूताईंनी पीठ लागलेली तीन बोटं वर केली. "तीन टिंबं. हिरवीगार, ही एवढी."

"मध्य मार्च!" नेमोतो ओरडले. "पेज बरोबर होती! माझ्या आजोबांची पेज बरोबर होती!" लोक टाळ्या वाजवू लागले, कुणी "बान्झाई" असा जयघोष केला, आणि कचऱ्यात जळून गेलेल्या पेजेवरून उत्सवाची नवी तारीख तिथल्या तिथे ठरली.

गर्दीतून एक छत्री शांतपणे गुणवंतजवळ आली. "मेहेंदळे-सान," इमाई-सान म्हणाले, "मॉडेल चुकतं. ते मी समजू शकतो. पण तुम्ही डेटा तयार केलात."

"सर, ती पेज होती!"

"डेटा होता," इमाई-सान आणखी मृदू आवाजात म्हणाले.

मार्चच्या मध्यावर झाडं अशी फुलली की डोंगर पांढरा दिसत होता. गुणवंतचा करार वाढला, नाही असं नाही. एका वर्षासाठी, आणि विषय बदलून. आता तो पेजेचा अभ्यास करतो. संशोधनातल्या नीतिमत्तेचा वर्गही त्याला सक्तीने करावा लागला. तिथे पहिल्याच तासाला "एका संशोधकाने धान्यावरील बुरशी..." असं उदाहरण निघालं आणि सगळी खोली खिडकीबाहेर बघू लागली.

वर्षभराने, म्हणजे या जानेवारीत, मंडळाने खास पत्र पाठवून सिंधूताईंना पुण्याहून बोलावून घेतलं. वाडगं पुन्हा काळं होऊ लागलंय. ते आता नेमोतोंच्या घरी असतं, भोवती दोरी बांधून. परवा गुणवंत कॅमेरा घेऊन दोरीच्या अलीकडे उभा होता.

"आई, झाकण जरा उचलता का? संस्थेला फोटो पाठवायचाय."

"उचलते," सिंधूताई म्हणाल्या. "आधी हात मागे बांधा."

"मग फोटो कसा काढू?"

"नेमोतोदादा काढतील. द्या त्यांच्याकडे."