गुलनारविरुद्ध निनावी अर्ज

"अर्धा घंटा? अहो, अर्ध्या घंट्यात मी कलेक्टराचं मन वळवतो, मंग परीक्षा तं काय चीज आहे!"

मलकापूरच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली बसणारे अर्जनवीस वामनराव हे इतक्या जोरात म्हणाले, की शेजारचा स्टँपवाला दचकला. समोर इमामबी उभी होती. बाजारात वांगी-मिरच्या विकणारी, नवरा गेल्यापासून एकटीनं संसार ओढणारी आणि भांडणात अख्ख्या बाजाराला पुरून उरणारी बाई! तिची गुलनार सातवी पास झाली होती. अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं, तर उद्या निबंधाची परीक्षा होती. एक बाजू घ्यायची आणि वाचणाऱ्याला ती पटवून द्यायची, तीही अर्ध्या तासात! नापास झाली तर शिक्षण संपलं आणि टोपली डोक्यावर.

"वामनभाऊ, तुमच्या एका अर्जानं माही बाजारातली जागा वापस भेटली. तुमचा कागद म्हंजे पत्थर की लकीर! पोरीले तयार करा."

"भाभी, झाली मास्तरीन असं समजा!"

माणूस हुशार होता, पण एक खोड होती. बसल्या जागी तंद्री लागायची! लेखणी दौतीत बुडाली की मन कुठंतरी निघून जाई, आणि पक्षकार खाकरला की परत येई. बायको वारून बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरी जायची घाई नसलेल्या माणसाला तंद्रीशिवाय दुसरं असतं तरी काय?

शिकवण्याची पद्धत मात्र धंद्यातली होती. सकाळी वादीचा अर्ज लिहायचा, दुपारी त्याच्याच विरोधात प्रतिवादीचा, आणि दोन्ही सारख्याच कळकळीनं! गुलनारला त्यांनी तसंच जुंपलं.

"विषय घे. गुलनारनं पुढं शिकावं काय? पह्यला अर्धा घंटा होकाराचा, दुसरा नकाराचा. समोरच्याची बाजू लिवता आली म्हंजे आपली पक्की होते."

"अन् नाव कोनाचं टाकू, काका?"

"नाव कायले? अर्जदाराची जागा कोरी ठेव."

गुलनार लिहू लागली. कचेरीच्या घड्याळानं एकचा ठोका दिला. उन्हात लिंबाची सावली हळूहळू हलत होती, लेखणी कागदावर कुरकुरत होती, आणि वामनराव निघाले! कुठं? स्टेशनावर. मुंबईकडं जाणारी गाडी आली होती. डब्यातून गुलनार उतरली, पांढरी ओढणी, हातात पुस्तकं, डोळ्यांवर चष्मा. साऱ्या जिल्ह्याच्या शाळांची मोठी बाई! स्टेशनमास्तर स्वतः पेटी उचलायला धावला. ती मात्र गर्दीतून सरळ यांच्यापाशी आली आणि म्हणाली, "हे माझे वामनकाका. यांनीच मला लिहायला शिकवलं." फलाटावरचे सगळे वळून यांच्याकडं बघू लागले. वामनरावांच्या डोळ्यांना खरोखरच पाणी आलं.

"काका, झाले दोन्ही."

वामनराव अजून फलाटावरच होते. "वा, वा!" म्हणत त्यांनी होकाराचा म्हणून हाताला लागला तो कागद घेतला, घडी घातली आणि समोरून जाणाऱ्या हैदर टांगेवाल्याच्या हाती दिला. "भाभीले वाचून दाखव. खूश होईन बाई!"

हैदरनं भर बाजारात टांगा थांबवला आणि खड्या आवाजात सुरू केलं : "मेहेरबान साहेबांस विनंती की, इमामबीच्या मुलीस पुढे शिकवू नये!"

इमामबीच्या हातातला तराजू तसाच राहिला.

"मुलगी गेल्यास इमामबी एकटी पडेल. ती स्वतःपुरती चूल पेटवीत नाही. मुलगी समोर बसते तेव्हाच जेवते. तिला वाचता येत नाही. मुलीचे पत्र आले तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागेल..."

"कोन आहे हा मुडदा? नाव वाच!"

"नाव नाही चाची. जागा कोरी आहे."

"निनावी अर्ज! म्हंजे विरोधी पार्टी उभी राह्यली माह्या पोरीच्या!"

मग काय विचारता! पहिला नंबर शेजारच्या दुकानातल्या उकंडरावांचा. "माही जागा हडपाची आहे ना तुमाले?" ते बिचारे शपथा घेऊ लागले. दुसरा नंबर दीर जब्बारचा. "घरातली चूल घरच्यालेच माहीत! काऊन लिवलं बे?" तो चहाचा कप घेऊनच उठला. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला दोघंही तिच्यामागं निघाले, आणि पुढं काय होतं ते बघायला हैदर. ही वरात थेट लिंबाखाली!

"वामनभाऊ, कागद तुमच्याकडचा आहे. सांगा, पार्टी कोन?"

वामनरावांनी कागद पाहिला. एवढ्या झटक्यात त्यांची तंद्री आयुष्यात उतरली नव्हती! "भाभी, ते... पक्षकाराचं नाव असं चारचौघांत..."

"अम्मा, म्याच लिवलं," गुलनार म्हणाली.

इमामबी गर्रकन वळली.

"तू? तुले जाचं नाही काय?"

"जाचं आहे ना! काकानं दोन्हीकडून लिवाले सांगतलं. होकाराचं लवकर सरलं. नकाराचं... नकाराचं सरेच ना अम्मा!" आणि पोरीला रडू फुटलं. उकंडरावांनी उगीच पागोटं सारखं केलं.

इमामबीनं लेकीचं तोंड पदरानं पुसलं. तिचाही आवाज ओला झाला होता, पण बाई मोठी खमकी. "एकटी? मी? अवं, मले भांडाले दिवस पुरत नाही! पाह्य, एका कागदावर किती मानसं गोळा केली म्या. उद्या जा अन् एकाच बाजूनं लिव!"

गुलनारनं तसंच केलं आणि पास झाली! वामनरावांनी कचेरीभर पेढे वाटले. ती अकोल्याला निघाली त्या दिवशी स्टेशनावर इमामबी अजिबात रडली नाही. पेटी आपटली म्हणून हमालाशी कडाकडा भांडली आणि तडक बाजारात गेली.

पाचव्या दिवशी ती लिंबाखाली येऊन बसली.

"लिवा वामनभाऊ. गुलनारले आठ दिसाची सुट्टी द्या म्हना."

"कारण काय टाकू?"

"आई बिमार आहे."

"काय झालं भाभी?"

"काई नाही. जेवन जात नाही."

वामनरावांनी कागद पुढं ओढला. त्या दिवशी लेखणी दौतीत बुडाली तरी मन कुठंही गेलं नाही. एका दमात अर्ज लिहून झाला. इमामबीनं अंगठा उठवला आणि ती गेली.

अंगठ्याच्या खाली बोटभर जागा उरली होती. वामनरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि हळूच लिहून टाकलं : अर्जदार नंबर दोन, वामनराव.