जेराल्डचा श्वास

उदय जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर दुर्बीण डोळ्यांना लावून उभा होता. समोर लेकीच्या खोलीचं दार उघडं, खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीशी काचेची पेटी, आणि पेटीत जेराल्ड. दुर्बीण पक्षी बघायला घेतली होती. मिल्टन कीन्सच्या तळ्यावरची बदकं तिच्यातून फार गोड दिसत. जेराल्ड तितका गोड दिसत नव्हता.

खिशातला फोन वाजला. ईशानी भूगोलाच्या फील्ड ट्रिपला पाच दिवस वेल्सला गेली होती आणि रोज दुपारी फोन करायची.

"बाबा, जेराल्ड ओके आहे ना? तू त्याची नाक चेक केलास?"

"केलं ना. एकदम कोरडं."

"आणि बबल्स? तोंड ओपन नाही ना ठेवत?"

"छे छे. हातात घेऊन बघितलं मी. घट्ट मिटलेलं."

"हातात?" ईशानीचा आवाज जरा बारीक झाला. "तू खरंच ग्रेट आहेस, बाबा. आणि टेंपरेचर लिहितोस ना वहीत?"

"रोज. एकोणतीस."

सीमा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिना चढत होती. फोन ठेवेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "हातात घेतलात का? मग हात धुऊन घ्या हो, जेवायचंय."

उदयने खरोखरच हात धुतले.

जेराल्ड हा नारिंगी रंगाचा, बिनविषारी, सहा वर्षांचा कॉर्न स्नेक. तीन आठवड्यांपूर्वी ईशानीने त्याला बेवारस प्राण्यांच्या संस्थेतून दत्तक आणलं, आणि तो मिळाला उदयच्या पुण्याईवर. उदय बत्तीस शिराळ्याचा. नागपंचमीच्या नागांसाठी गाजलेलं ते गाव. वीस वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत स्टॅनमोरच्या संजयने सहज विचारलं होतं, "म्हणजे तू नाग पकडलेस की काय?" आणि उदयच्या तोंडून सहज निघून गेलं, "एक-दोन." दरवर्षीच्या गणपतीत त्या नागांना पिल्लं होत गेली. ईशानी पाच वर्षांची झाली तेव्हा ते अकरा होते, आणि त्यातला एक तर बाबाच्या खांद्यावर झोपी गेला होता.

खरं एवढंच होतं, की उदय सहा वर्षांचा असेपर्यंत शिराळ्यात होता आणि दर नागपंचमीला धान्याच्या कणगीत बसून असायचा. वरून झाकण लावायला आईला सांगायचा.

संस्थेची पॅम घर बघायला आली तेव्हा ईशानीने छाती फुगवून बाबाची ओळख करून दिली. पॅमने दोन्ही हातांनी उदयचा हात धरला आणि कागदांवर त्याच दिवशी सह्या होऊन गेल्या. "तुमच्यासारख्या माणसाच्या घरी हा जातोय, हे त्याचं भाग्य," ती म्हणाली. उदयने मान लववली. शरम नावाची चीज त्याच दिवशी घरात शिरली होती. ती दुसऱ्या कुठल्याही पेटीत मावत नव्हती, म्हणून त्याच्या छातीत राहिली.

हे तीन आठवडे ईशानीच सगळं करायची. भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवून, डोळे किलकिले करून. उदयला वाटायचं, शाळेत स्वच्छता फार शिकवतात. आता मात्र पाच दिवस तो एकटा होता. पहिल्याच सकाळी त्याने पेटीवर एक जाड रजई टाकली. "झोप लागेल त्याला," तो सीमाला म्हणाला. दुर्बीण लावायच्या आधी तो पडदे सारायच्या काठीने रजईचं एक टोक उचलून उलटवून ठेवायचा.

त्या दुपारी त्याने तसंच टोक उचललं आणि त्याला आवाज आला.

सुंईऽऽ. सुंईऽऽ.

 काठी खाली ठेवली तरी आवाज चालूच. फ्रिजवर पॅमचा कागद लावलेला होता, तिकडे तो धावला: उघडं तोंड, नाकाशी बुडबुडे, मान सतत वर, शिट्टीसारखा किंवा टकटक आवाज, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. शिट्टीसारखा आवाज! ईशानीचं हसतं तोंड त्याच्या डोळ्यांपुढे आलं. परत येऊन तिने पेटीत बघितलं आणि जेराल्ड नसला, तर?

त्याने पॅमला फोन लावला.

"घाबरू नका," पॅम म्हणाली. "तुम्ही तर जाणकार. कानाशी धरून ऐका ना त्याला."

"कानाशी... हो. ऐकलं. पण तुम्हीच एकदा ऐकलेलं बरं."

"मग एक मिनिट रेकॉर्ड करून पाठवा."

उदयने सेल्फी स्टिकला फोन अडकवला, पोटावर झोपून खोलीत सरपटत गेला आणि हात ताणून फोन पेटीच्या जाळीवर टेकवला. एक मिनिट. मिनिट संपता संपता जेराल्डने मान वळवली. उदय बाहेर आला तो पायांकडून.

पाच मिनिटांत पॅमचं उत्तर आलं: "हे फारच वाईट आहे. ताबडतोब व्हेटकडे आणा. मीही येते. उशीच्या अभ्र्यात घाला. वही आणा."

"अभ्र्यात घाला," उदयने सीमाला वाचून दाखवलं.

"घाला की."

"सीमा..."

सीमाने त्याच्याकडे नीट बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात असा चेहरा तिने एकदाच बघितला होता, ड्रायव्हिंग टेस्टला.  पदर नव्हता, म्हणून तिने कार्डिगनच खोचलं. रजई दूर केली, पेटी उघडली आणि म्हणाली, "या हो. जन्मभर नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास केलाय मी. माहेरचं माणूस आपल्या बहिणीला चावत नसतं." जेराल्ड तिच्या मनगटावरून ओघळत अभ्र्यात उतरला.

रस्ताभर अभ्रा तिच्या मांडीवर होता. उदयची एक नजर रस्त्यावर, एक मांडीवर. एकाच राउंडअबाउटला त्याने तीन प्रदक्षिणा घातल्या. सीमा अभ्र्यावर हात फिरवत, जात्यावर बसल्यासारखी गुणगुणत होती:

"सात समुद्राच्या पार, कोण येईल माहेराचं,
उशीच्या गं अभ्र्यात, ऊन आलं वारुळाचं."

व्हेटकडे पॅम तर आलीच होती, वर संस्थेच्या दोन नव्या स्वयंसेविकाही. "यांनी भारतात कोब्रा हाताळलेत," पॅमने त्यांना हळूच सांगितलं. दोघी टेबलाच्या जवळ सरकल्या. उदय टेबलापासून दूर सरकला.

व्हेट शांत, तरुण बाई होती. तिने जेराल्डचं तोंड हलकेच उघडून बघितलं, नाक बघितलं, मग त्याला कानाशी धरलं. "काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "निरोगी सापाचा श्वास ऐकू येतच नाही. ती रेकॉर्डिंग लावता का?"

पॅमने लावली. सुंईऽऽ, सुंईऽऽ, सुंईऽऽ. खोलीभर तो केविलवाणा आवाज भरला. व्हेट घड्याळाकडे बघत मोजत होती.

"एवढा साप आराम करताना मिनिटाला जेमतेम चार-पाच श्वास घेतो," ती म्हणाली. "हे चाळीस आहेत." तेवढ्यात रेकॉर्डिंगच्या शेवटी, जिथे जेराल्डने मान वळवली होती, तिथे उदयच्याच आवाजात, स्वच्छ मराठीत आलं: "अगं आई गंऽऽ!"

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. इंग्रज माणसं सभ्य असतात, आणि त्यांच्या सभ्यपणासारखी दुसरी शिक्षा नाही. उदयच्या कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या. त्याला कणगी आठवली आणि तिचं झाकण.

"पण याची कातडी ओलसर आहे," व्हेट पुढे म्हणाली. "पेटीत हवा कोंडते का? वही बघू."

तिने वही उघडली. एकोणतीस. एकोणतीस. एकोणतीस.

"हे पेटीच्या उबदार बाजूचं की गार बाजूचं?"

उदयने तोंड उघडलं. एखादी थाप नेहमीसारखी आपण होऊन येईल म्हणून त्याने क्षणभर वाट बघितली. आली नाही.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "मनानेच लिहिलं. पेटीवर रजई टाकली होती. मला त्याच्याकडे बघवत नाही. मी एकही साप कधी हातात घेतला नाही."

"आणखी काही दिवस तसंच राहिलं असतं," व्हेट म्हणाली, "तर त्याची छाती खरंच भरली असती."

हे तिने अगदी मऊ आवाजात सांगितलं, म्हणून ते खोलवर गेलं. टेबलावर नारिंगी वेटोळं घालून तो मुका जीव पडला होता. खोटा आकडा त्याला सांगता येत नव्हता आणि खराही. पॅमने चष्मा पुसला. "तो आज तुमच्या घरी जाईल, तुमच्या पत्नीच्या भरवशावर," ती म्हणाली. "पण ईशानीला हे तुम्ही स्वतः सांगायचं. त्याला ठेवायचं की नाही, ते तिने मला कळवायचं."

शुक्रवारी उदय ईशानीला आणायला शाळेपाशी गेला. गाडी सुरू न करताच त्याने सगळं सांगितलं: कणगी, दुर्बीण, रजई, एकोणतीस. स्टिअरिंगकडे बघत सांगितलं. ईशानीने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"म्हणजे इलेव्हन कोब्राज..."

"एकही नाही."

"खांद्यावर झोपलेला?"

"नाही गं."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. "बाबा, मला साप मुळीच नाही आवडत! मला इतकी भीती वाटते! तू नेहमी तुझा गाव, तुझे नाग सांगायचा, मग तू पन्नास झालास ना, तेव्हा किती शांत शांत झालास. मी विचार केली, बाबा मिस करतो. म्हणून मी तुझ्यासाठी आणली त्याला."

पिवळे हातमोजे उदयच्या डोळ्यांपुढे आले. लेकीने तीन आठवडे डोळे मिटून त्याच्या थापेला खाऊ घातलं होतं. त्याला वाटलं, वेल्सच्या सगळ्या डोंगरांखाली आपल्याला पुरलं तरी थोडंच होईल.

"मग," तो म्हणाला, "परत देऊया का?"

"प्लीज," ईशानी म्हणाली.

हलक्या मनाने दोघं घरी आली. सीमा सोफ्यावर बसून मालिका बघत होती. दंडावर वाकीसारखा जेराल्ड. शेजारी वही, आणि तिच्यात तीन दिवसांचे, दोन वेळचे, दोन्ही बाजूंचे आकडे.

"आई, आम्ही ना... पॅमला फोन करतोय. परत द्यायला."

"कुणाला परत?" सीमाने मालिकेचा आवाज बंद केला. "माझ्या भावाला? वीस वर्षं जगतात म्हणे हे. सहा झाली. उरलेली चौदा तो इथेच काढणार. अहो, चौकटीत काय उभे राहिलात? आत या. मेहुणा आहे तुमचा."

उदय आत आला. सोफ्याच्या कडेला बसला. त्याने एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. जेराल्डने मान वळवून ते बोट बघितलं.

सुंईऽऽ, असा आवाज आला.

या वेळी जेराल्डकडे कुणीच बघितलं नाही.