यमुनाबाई उठत नाहीत

ऑफिसर्स मेसमधला तो सोफा पाहिल्याबरोबर यमुनाबाईंनी ओळखलं, हा आपल्याला गिळणार. गुडघेदुखी सुरू झाल्यापासून त्या बसायच्या ते हात असलेल्या उंच लाकडी खुर्चीतच. आजवर त्या एकदाही पडल्या नव्हत्या, पण पडायच्या धास्तीने घरातल्या घरातसुद्धा भिंत धरून चालत. साताऱ्याहून चंदीगडला एअर फोर्समधल्या मुलाकडे आल्यापासून इथल्या भिंतीही त्यांना पाठ झाल्या होत्या.

"आई, बसा ना पटकन, सगळ्या ऑफिसरांच्या बायका बघतायत," सून अबोली कुजबुजली आणि त्या बसल्या. बसल्या कसल्या, बुडाल्याच.

"आता मॅडम येतील हं. स्टेशन कमांडरांच्या मिसेस. त्या आल्या की सगळ्यांनी उभं राहायचं असतं."

"आणि हे मला आत्ता सांगतेस? अगं, मला उठवायला दोघी लागतील!"

"आई, प्लीज! यतीनचे साहेब आहेत ते."

उठावं तर सगळ्यांदेखत तोंडघशी पडायची भीती, न उठावं तर लेकाच्या साहेबाचा अपमान. तेवढ्यात ग्रेवाल मॅडम आल्याच. हॉलमधल्या झाडून सगळ्या बायका ताडकन उभ्या राहिल्या. यमुनाबाईंनी जोर लावला, वीतभर वर आल्या, डावा गुडघा कटकन वाजला आणि त्या होत्या तिथे परत गेल्या. मग त्यांनी चेहरा तेवढा गंभीर ठेवला. दुसरं हातात होतं काय?

मॅडम आल्यावर बसून राहणारी बाई तिथे कुणी पाहिलेलीच नव्हती.

"कौन हैं ये?"

"जरूर किसी एअर मार्शल की मदर होंगी. वरना ऐसे कौन बैठता है?"

कुजबुज मॅडमपर्यंत पोचली. त्या तडक सोफ्याशी आल्या, "पैरी पौना, माताजी," म्हणत वाकल्या आणि शेजारीच बसल्या. अबोलीने खुलासा करायला तोंड उघडलं, पण समोशांची पहिली बशी सासूबाईंपुढे आलेली पाहून मिटलं.

मग तंबोला झाला. बक्षिसं माताजींच्याच हस्ते द्यायची ठरली आणि त्यांना स्टेजवर बोलावणं आलं.

"हम यहीच से देगा!" यमुनाबाई ठणकावून म्हणाल्या. बोलल्या त्या भीतीपोटी, पण बायकांना तो रुबाब वाटला. माईक, टेबल, बक्षिसं, सगळं सोफ्यापाशी आणलं गेलं. जिंकलेल्या बायका रांगेने येऊन पाया पडू लागल्या. एकीने तर पुण्याला पोस्टिंग मिळावं म्हणून आशीर्वाद मागितला. यमुनाबाईंनी देऊन टाकला.

चहा संपला, गप्पा संपल्या, तरी कुणी जाईना. मॅडम उठेपर्यंत बाकीच्यांनी हलायचं नाही, हा तिथला रिवाज. आणि माताजी उठेपर्यंत मॅडम हलेनात. मुलांच्या ट्यूशन सुटल्या, फोन वाजायला लागले, बायका चोरून घड्याळं बघू लागल्या. शेवटी यमुनाबाईंनाच राहवेना. लेकाचं काय व्हायचं ते होवो!

"मॅडम, हम कोई बडा नहीं है. यतीन की माँ है. घुटना खराब है, इसलिए तब उठा नहीं. मेरे को गिरने का डर लगता है. माफ करना."

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"माताजी, मेरे भी दोनों घुटने गए हुए हैं. किसी को बताया नहीं. आप उठेंगी तो लोग सहारा देने आएँगे, तब मैं भी किसी को पकड लूँगी, यही सोचके बैठी हूँ."

यमुनाबाईंना त्या रुबाबदार बाईची भारी माया आली. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं, तिने त्यांचं, आणि दोघी एकदमच उठल्या. तशाच हातात हात घालून दारापर्यंत गेल्या. बाहेर पायऱ्या दिसताच मॅडमचा हात गार पडला.

"डरने का नहीं, बेटी. उतरते टाइम जास्ती दुखता पाँव पहले. मेरे को पकडो."

आणि भिंत धरून चालणाऱ्या यमुनाबाई साहेबांच्या मिसेसना धरून, पायऱ्यांच्या मधोमध, खाली उतरल्या. मागून सगळ्या बायका आदराने बघत होत्या.

"आई, कठडासुद्धा धरला नाहीत तुम्ही!" गाडीत अबोली म्हणाली. "भीती नाही वाटली?"

"वाटली की," यमुनाबाई म्हणाल्या. "पण ती आधीच घाबरली होती. दोघींनी घाबरून कसं चालेल?"