हसणाऱ्या अस्वलाच्या तपासण्या

मुलांनो, सरळ बसा. आणि दवाखान्यात करता तसं तोंड करू नका.

एका जंगलात डॉक्टर फार झाले होते. त्यांनी रोग्याचे अवयव आपसात वाटून घेतले होते. मोर कातडीचा डॉक्टर. म्हाताऱ्या तरसांच्या सुरकुत्या घालवून त्याने टेकडीवर बंगला बांधला. सुतारपक्षी हाडांचा. हत्तीचा गुडघा बदलला की त्याच्या दारात नवी गाडी यायची. अस्वल मात्र लहान मुलांचा डॉक्टर. त्याला फी म्हणून मध मिळे, तोही पाडसांनी वाटेत चाटून उरलेला.

दरवर्षी या डॉक्टरांचं स्नेहसंमेलन भरे. तिथे सगळे इस्पितळाचे हप्ते, आपली पाठदुखी आणि दुसऱ्याचा बंगला यांवर बोलत. त्या वर्षी अस्वल पहिल्यांदाच गेलं आणि कोपऱ्यात बसून खदखदून हसलं.

सगळे दचकले.

"काय झालं हो, डॉक्टर?" मोराने विचारलं.

"अहो, आज एका पाडसाने माझ्याच छातीला नळी लावली. म्हणालं, काका, आ करा!"

"मग फी किती घेतलीत?"

"अरेच्चा! मागायची राहिलीच की."

मोर गंभीर झाला. फी नाही आणि तरी हसू? हे लक्षण त्याने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरला काही कळलं नाही की तो काय करतो? बरोबर. तपासण्या लिहून देतो.

सुतारपक्ष्याने कवटी ठोकली. मोराने कातडी ताणली. रक्त काढलं, एक्स-रे काढले. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

"मग तर फारच आत गेलंय," सुतारपक्षी म्हणाला.

मोराने अस्वलाला जवळ बसवलं. "आपण एकाच कॉलेजातले. आम्हाला बंगले, तुम्हाला गळकी गुहा. तरी तुम्ही हसता. का, याचा कधी विचार केलात?"

अस्वलाने कधीच केला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना केला. तिथेच घात झाला.

सकाळी तेच पाडस खोकत आलं. "काका, आ करा!"

"आधी फी," अस्वल म्हणालं.

पाडस रडत गेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी मोर आणि सुतारपक्षी रोग्याला बघायला आले. अस्वल कपाळाला आठ्या घालून टेकडीवरच्या बंगल्याकडे बघत बसलं होतं.

"उतार पडलाय," मोर म्हणाला. आणि कित्येक वर्षांनी ते दोघे अगदी मनापासून हसले.

तात्पर्य: पैशाने सुख मिळत नाही, हे साफ खोटं आहे. मिळतं. फक्त आपल्याहून गरीब आणि सुखी असा एक मित्र हाताशी लागतो. तो जपून वापरावा, कारण एकदाच उपयोगी पडतो.