पटलेकाका आणि डोंगरातल्या शाली

पटलेकाकांच्या दुकानात कुणी भाव कमी करायला सांगितला, की काका त्याच्या हातात टकळी देत. "एक हात सूत काढून दाखवा, मग म्हणाल तो भाव," असं म्हणून स्टूल पुढे सरकवत. गिऱ्हाईक हसत बसे, धागा तुटे, आणि काका खुशीत म्हणत, "पाहा! आता सांगा, महाग कायले म्हणता?"

गोंदियाजवळच्या फुलचूरला काका माझे शेजारी. मूळचे केशोरीचे, धानशेतीच्या घरातले. गोंदियात राइस मिलला लागणारे पट्टे आणि बेअरिंग विकायचे. एकदा शांताकाकूंना घेऊन नेपाळला देवदर्शनाला गेले. बस घाटात बंद पडली आणि डोंगरातल्या एका गावात मुक्काम करावा लागला. तिथे फूलमाया नावाची बाई एका रानझुडपाच्या सालीचं सूत काढून शाली विणत होती. झुडूप असं, की अंगाला लागलं तर आग व्हावी. शाल मात्र मऊसूत. काका परत आले आणि पुढच्याच महिन्यात दुकानावरची पाटी बदलली; पट्टे-बेअरिंग जाऊन फूलमायाच्या गावच्या शाली आल्या.

गिऱ्हाईक बिचके. "चाचा, खुजली तो नहीं होगी?" काका शाल त्याच्या मानेभोवती गुंडाळत आणि चहा मागवत. चहा संपेस्तोवर ते शाल विसरलेलं असे.

मागच्या वर्षी ऐन आषाढात नागपूरचा एक हॉटेलवाला आला. श्रावणात हॉटेल उघडायचं होतं, खोलीखोलीत शाल हवी होती. काकांनी तिथल्या तिथे नेपाळला फोन लावला. फूलमायाच्या सुनेला हिंदी येई. दोन मिनिटं बोलून काकांनी फोन ठेवला.

"नाही जमत. धानाची रोवणी चालू आहे त्यांची."

"मग रात्री बसवा ना मागावर! जास्तीचे पैसे देतो."

काका उठून उभेच राहिले. "दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईले रात्री मागावर बसवू? तुमच्या घरी बसवता का?"

हॉटेलवाला निघून गेला. डबा घेऊन आलेल्या शांताकाकू दारातच होत्या. "आलेलं गिऱ्हाईक हाकलून राहिले! असा धंदा असते का?" त्या कडाडल्या. मग डबा उघडता उघडता पुटपुटल्या, "पण बरोबर बोलले. रोवणी करून आल्यावर मी तं ताटावरच झोपत होती."

त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. अगदी अचानक. तेरवी झाली आणि काकांनी दुकान उघडलं. कुणी काकूंचा विषय काढला, की ते नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारत. "मोठा घट्ट माणूस," लोक म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

उन्हाळ्यात काका नेपाळला निघाले. गुडघे दुखत होते, म्हणून मी सोबत गेलो. गाड्या बदलत, बस बदलत, शेवटचा चढ चालत आम्ही फूलमायाच्या अंगणात पोचलो. सून बाजाराला गेली होती. फूलमाया मागावर होती. तिनं हसून हात जोडले, मग आमच्या मागे वाटेकडे पाहिलं. आणखी कुणी येतंय का म्हणून.

काका मागाजवळ खाली बसले.

"नाही आली ते," ते म्हणाले. "गेली."

आणि बोलायला लागले. आपल्या झाडीबोलीत. काकू भात कशा चिवडत, रागावल्या की भांडी कशी आपटत, शेवटच्या दिवशी सकाळी, "वांगे आणजा," म्हणाल्या आणि हे विसरले. फुलचूरला ज्या माणसानं काकूंबद्दल तोंडातून शब्द काढला नव्हता, तो त्या अंगणात ऊन उतरेपर्यंत बोलत होता.

फूलमायाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिनं एकदाही मान वर केली नाही, की माग थांबवला नाही. फक्त त्याचा खटखट आवाज तिनं इतका हळू केला होता, की काकांचं सगळं ऐकू येत होतं.